बिल्ले आठ, पोकेमॉन एक

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल वरणगावात सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणतं सकाळी हायवेच्या बाजूने फिरायला चला, कुणी भजनी मंडळात ओढतं, कुणी केळीच्या मळ्यात येऊन बसायला सांगतं, आणि आमच्या हिचं म्हणणं एवढंच, की घरातच बसायचं असेल तर निदान लसूण तरी सोला. यातलं काहीही न करता मी अख्खा पावसाळा, दसरा-दिवाळी आणि थंडीचा पहिला हप्ता एका दहा-अकरा वर्षांच्या पोराचं रूप घेऊन परमुलखात हिंडण्यात घालवला. गवतात शिरून जनावरं पकडली, गावोगावच्या उस्तादांशी कुस्त्या लावल्या, कोण्या बोटीवरच्या आजारी कप्तानाची पाठ चोळून दिली आणि एका भामट्याकडून पाचशेला मासा विकत घेतला. तुम्ही जवळचे म्हणून सांगतो. गावात बोलू नका, मी इथे गुरुजी होतो.

प्रकरण जावयाचं आहे, म्हणजे नाजूक आहे. आमचे निखिलराव लहानपणापासून न्यू जर्सीत, एडिसनला वाढलेले. जूनमध्ये लेक, जावई आणि नातू ईशान येऊन गेले आणि जाताना कपाटाच्या खणात एक घडीचं यंत्र विसरले. निन्टेन्डो कंपनीचा गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, 2003 साली निघालेलं मॉडेल, शर्टाच्या खिशात मावेल एवढं. आत पोकेमॉन फायररेड नावाच्या खेळाचं काडतूस. हा 2004 चा खेळ म्हणजे 1996 साली जपानात निघालेल्या मूळ खेळाचाच नवा अवतार. मूळ खेळ ज्यांनी रचला त्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता म्हणे, आणि त्यातूनच ही पोकेमॉन पकडण्याची कल्पना निघाली. माझ्या वर्गात असली पोरं मी बाकावर उभी करत असे.

यंत्र चार्ज करावं म्हणून सोबतचा चार्जर भिंतीत खुपसला. तो अमेरिकेतला, 120 व्होल्टचा. आपल्या भिंतीत 230. आवाज झाला, वास आला, आणि ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या हिने तिथूनच विचारलं, ‘‘काय जाळलं?’’ मग मी बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. गणितात कायम नापास. ‘‘काय गुर्जी, हे काय घेऊन फिरू राह्यले?’’ म्हणत त्याने यूएसबीची एक जुनी वायर घेतली, दातांनी सोलली, लाल-काळे पदर वेगळे केले, मेलेल्या चार्जरची टोकाची पिन कापून त्यांना लावली, वर सोल्डरिंगचा एकेक थेंब टाकला आणि काळी पट्टी गुंडाळली. मूळ चार्जर पाच पॉइंट दोन व्होल्टचा, मोबाइलचा पाचचा, तेव्हा चालून जातं, असा हिशेबही त्याने तोंडी करून दाखवला. मी याला नापास का केलं होतं, ते मला आठवेना.

यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर दोन चौकटी आल्या. वरच्या चौकटीत कुणा केविनचं नाव, आठ बिल्ले आणि भरपूर तास लिहिलेले होते. केविन म्हणजे यंत्र बनवणारा असेल, असं मी ठरवलं. खालच्या चौकटीत ‘नवा खेळ’. दुसऱ्याच्या कामात कशाला लुडबुड करा, म्हणून सभ्यपणे नवा खेळ घेतला. तासाभराने थांबताना यंत्राने विचारलं, आधीची नोंद पुसून ही नवी लिहू का? सगळी नोकरी आलेल्या कागदावर सही करण्यात गेली. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी ईशानचा व्हिडिओ कॉल आला, तिथे शनिवारची रात्र. मी कौतुकाने यंत्र दाखवलं, तर पोराचा चेहरा उतरला. ‘‘आजोबा, पप्पांचा गेम कुठेय? पप्पा लहान होते तेव्हा चॅम्पियन झाले होते. तो सेव्ह होता त्यात!’’ या काडतुसातली नोंद फ्लॅश मेमरीत असते, तिला टिकायला सेल लागत नाही. वीस वर्षं ती सुखरूप होती. अहो, आमच्या आयुध निर्माणीत 1964 पासून काडतुसं बनतात, गावातली कितीतरी घरं त्या कामावर उभी राहिली. दारूगोळा सांभाळणाऱ्या या गावात खेळण्यातलं एक काडतूस सांभाळता आलं नाही, असा मी एकटा. अधिकमासात ज्याच्या ताटात तेहतीस अनारसे वाढले, त्याचं बालपण मी एका बोटाने पुसून टाकलं होतं.

मी नातवाशी करार केला. पप्पांना सांगायचं नाही. डिसेंबरात सगळे येतील तोवर आठ बिल्ले आणि चॅम्पियनपद जसं होतं तसं आजोबा परत आणून ठेवतील, आणि दर रविवारी ईशान शिकवणी घेईल. ‘‘इझी आहे, आजोबा,’’ तो म्हणाला. हे वाक्य मी पोरांना अपूर्णांक शिकवण्याआधी म्हणत असे.

आता खेळ काय, ते सांगतो. गावोगाव एकेक तालीम, प्रत्येक तालमीचा एक उस्ताद, त्याला हरवलं की एक बिल्ला. तुमच्यापाशी सहापर्यंत पोकेमॉन ठेवता येतात आणि प्रत्येक पोकेमॉन कुठल्या तरी जातकुळीचा असतो: आग, पाणी, गवत, वीज, दगड, जमीन, अशा या खेळात एकूण 17. आग गवताला दुप्पट लागते, पाण्यावर निम्मी. वीज पाण्याला दुप्पट, पण जमिनीवाल्याला शून्य. एखादा पोकेमॉन दोन जातींचा असला आणि दोन्ही कच्च्या निघाल्या, तर फटका चौपट. शिवाय पोकेमॉनने आपल्याच जातीचा डाव टाकला की दीडपट. सतराला सतराने गुणा, दोनशे एकोणनव्वद जोड्या झाल्या. उस्तादाला हरवायची सगळी युक्ती या तक्त्यात आहे, तो पाठ करा, असं ईशानने बजावलं. ज्या माणसाने पोरांना तीसपर्यंत पाढे येईनात म्हणून शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, त्याने हा तक्ता वहीत उतरवला, लाल शाईने चौकटी आखल्या, आणि वही कुठे ठेवली ते विसरला.

सुरुवातीलाच तीनांतला एक पोकेमॉन निवडायचा असतो: गवताचा बल्बसॉर, आगीचा चारमँडर, पाण्याचा स्क्वर्टल. मी चारमँडर घेतला. कारण त्याच्या शेपटीला ज्योत होती आणि ती मला आवडली. नाव ठेवलं गुंड्या. त्याआधी आणखी एक घोळ होऊन बसला होता. खेळातले प्राध्यापक ओक एक मुलगा दाखवून म्हणतात, हा माझा नातू, पण याचं नाव काय बरं? स्वतःच्या नातवाचं नाव विसरलेल्या त्या म्हाताऱ्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. यंत्र कुणाचं ते विचारत असतील, असं धरून मी टाइप केलं: निखिल.

तो नातू म्हणजे आपला जन्माचा प्रतिस्पर्धी निघाला. आपण जो पोकेमॉन घेऊ त्याला नेमका भारी पडणारा तो उचलतो. मी आग घेतली, याने पाणी घेतलं. तेव्हापासून हर वळणावर हा निखिल उभा, टोमणे मारणार, लढणार, आणि मी ओसरीत झोपाळ्यावर बसून ओरडणार, ‘‘निखिल्या, थांब, आज तुझा माजच उतरवतो!’’ शेजारणीच्या कानावर हे चार-पाचदा गेलं. गणपतीत आरतीच्या वेळी एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘गुर्जी, जावयाशी काही बिनसलं का? देण्याघेण्याचं असेल तर आपण बसवू.’’ पुढे ही बातमी भुसावळला व्याह्यांच्या भावापर्यंत पोचली. तिथून एडिसनला जायला तिला किती वेळ लागणार?

पहिली तालीम प्यूटर गावाची. उस्ताद ब्रॉक, दगडवाला. त्याचा जिओड्यूड बाराव्या पातळीचा आणि ओनिक्स चौदाव्या. दोघेही दगड आणि जमीन अशा दुहेरी जातीचे, म्हणजे पाणी किंवा गवत त्यांना चौपट लागतं. आग निम्मी. मी आग घेऊन गेलो. गुंड्याने तोंडातून ठिणगी टाकावी आणि ओनिक्सने ती लक्षातही घेऊ नये, असं किती वेळ चाललं सांगत नाही. हरलं की पैसे जातात आणि आपण जवळच्या दवाखान्यात जागे होतो. तिथली नर्स मला ओळखायला लागली.

ईशान म्हणाला, व्हिरिडियनच्या पश्चिमेच्या गवतात मँकी मिळतो, तो मारामारीच्या जातीचा, दगडाला भारी. पकडला, पण त्याचं तोंड बघून मला आमचे एक जुने केंद्रप्रमुख आठवले आणि त्याच्यावर मेहनत घ्यावीशी वाटेना. मग ईशान म्हणाला, जंगलातली अळी घ्या, ती दहाव्या पातळीला फुलपाखरू होते आणि एक मानसिक डाव शिकते. अळीला मी पकडलंसुद्धा नाही, परसातल्या कढीपत्त्यावरच्या पुरेशा होत्या. मी काय केलं, तर गुंड्याला घेऊन गवतात फेऱ्या मारत बसलो. तेराव्या पातळीला तो लोखंडी पंजाचा डाव शिकला, सोळाव्याला मोठा होऊन चारमेलियन झाला, आणि मग त्याने ब्रॉकला नुसत्या वजनावर चिरडलं. मी ईशानला सांगितलं, डावपेच जमले.

इथून माझी खरी रणनीती सुरू झाली. लग्नाच्या पंगतीत एकाच व्याह्याच्या पानात आग्रह करकरून जिलबी वाढावी आणि बाकीची पंगत वरणभातावर उठावी, तसा मी सगळा अनुभव गुंड्याला खाऊ घातला. लढाईत जो उतरतो त्याला अनुभव मिळतो, म्हणून सहाही जणांना आळीपाळीने उतरवा, असं ईशान बजावत होता. पन्नास जातींचे पोकेमॉन पकडले तर प्राध्यापकांचा मदतनीस एक वस्तू देतो, ती ज्याच्या गळ्यात घालाल त्याला न लढताही वाटा मिळतो, हेही त्याने सांगितलं. पन्नास! माझ्या वर्गात कधी पन्नास हजर नव्हते.

दुसरी उस्ताद मिस्टी, पाणीवाली. तिचा स्टारमी एकविसाव्या पातळीचा, आणि पाणी आगीवर दुप्पट. इतपत मलाही पाठ झालं होतं. म्हणून पाण्याला पाणी भिडवावं असा बेत केला, आणि त्याच सुमारास माउंट मूनच्या पायथ्याशी, दवाखान्यात, एक गृहस्थ भेटले. पाचशेत मॅजिकार्प नावाचा मासा देत होते, परत घेणार नाही म्हणत होते. परत न घेणारा दुकानदार मालाबद्दल खात्रीचा असतो, हा माझा जुना समज. आठवडे बाजारातून कडू काकड्या आणतो तो याच समजावर. मासा घेऊन मिस्टीपुढे उभा केला. त्याला एकच डाव येत होता: उडी मारणं. तो उडी मारी आणि यंत्र लिही, काहीच झालं नाही. पुन्हा उडी, पुन्हा काहीच नाही. हिने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हा तुम्ही का?’’

ईशान म्हणाला, तो मासा विसाव्या पातळीपर्यंत सांभाळा, मग बघा. तेवढा धीर कुणाला? पेटीत बंद करून टाकला. मिस्टीलाही शेवटी गुंड्यानेच हरवलं, औषधाच्या बाटल्या पीत पीत.

तिसरी तालीम वीजवाल्या सर्जची. तिथे जायला दाराशी वाढलेलं झाड तोडावं लागतं, झाड तोडायची विद्या बोटीवरच्या कप्तानाकडे, आणि कप्तानाला बोट लागलेली, म्हणून ते पाठ चोळणं. तालमीत शिरलो तर पंधरा कचऱ्याचे डबे. त्यांतल्या दोन डब्यांत बटणं लपवलेली, दुसरं बटण पहिल्याला लागून असलेल्या डब्यात. पहिलं सापडलं आणि दुसऱ्यासाठी चुकीच्या डब्यात हात घातला, की दोन्ही पुन्हा नव्या जागी. त्या रात्री साडेअकरापर्यंत मी डबे उपसले. हिने उठून पाणी प्यायला येताना विचारलं, ‘‘काय शोधताय?’’ मी म्हटलं, ‘‘कचऱ्यात बटण.’’ ती काही न बोलता परत जाऊन झोपली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे तिला कळतं. सर्जची गंमत अशी, की त्याच गावाजवळच्या भुयारात डिग्लेट नावाचा जमिनीतून डोकं काढणारा प्राणी मिळतो आणि त्याला वीज लागतच नाही. तो माझ्याकडे होता. मुद्दाम नव्हे, भुयारात वाट चुकलो तेव्हा चुकून पकडला गेला होता. सर्जचा राइचू विजा टाकतोय आणि डिग्लेट टकमक बघतोय, हे दृश्य पाहून मी झोपाळ्यावरून उठून उभा राहिलो. डावपेच म्हणतात तो हा. दुसऱ्या दिवसापासून डिग्लेटला पेटीत ठेवून पुन्हा गुंड्याला जिलब्या सुरू केल्या.

एरिका गवतवाली, तिथे आग चालली. पण तिच्या तालमीबाहेर एक म्हातारा खिडकीतून आत डोकावत उभा असतो आणि आत सगळ्या बायकाच आहेत म्हणून खूश होतो. ही नेमकी त्याच क्षणी चहा घेऊन आली. खेळ बनवणाऱ्यांनी तो म्हातारा मुद्दाम घातला आहे, माझा काही संबंध नाही, हे मी चहा गार होईपर्यंत सांगत होतो. गुजरातेत 2016 साली दुसऱ्या एका पोकेमॉन खेळाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली होती, देवळांच्या जागी अंडी मिळतात म्हणून. ती बातमी हिच्या लक्षात होती. ‘‘तोच का हा?’’ तिने विचारलं. ‘‘नाही, यात म्हातारे आहेत,’’ मी म्हटलं.

कोगाच्या तालमीत भिंती दिसत नाहीत, सब्रीनाच्या तालमीत फरशीवर पाय दिला की भलतीकडेच निघतो. दोन्हीकडे मी भिंतीला हात लावत लावत गेलो, रात्री वीज गेल्यावर मोरीकडे जातो तसाच. ब्लेनने मात्र अब्रू काढली. त्याच्याकडे प्रत्येक दारावर प्रश्नमंजूषा, उत्तर चुकलं की एक कुस्ती. एक प्रश्न होता, मान्यताप्राप्त बिल्ले नऊ आहेत, बरोबर का चूक? माझ्यापाशी तेव्हा सहा होते, पुढे किती ते मला काय माहीत? मी बरोबर म्हटलं. आठ असतात.

आठवा जोव्हानी, जमिनीवाला. त्याचे भूकंप उडत्या गुंड्याला लागेनात, कारण छत्तिसाव्या पातळीला गुंड्या पंखवाला चॅरिझार्ड झाला होता आणि उडणाऱ्याला जमीन लागत नाही. हे मी जिंकल्यानंतर ईशानकडून समजून घेतलं आणि आधीच ठरवलं होतं असं सांगितलं.

मग शेवटचे चौघे. लोरेली, ब्रूनो, अगाथा, लान्स. एकामागून एक, मध्ये दवाखाना नाही, हरलात की पुन्हा पहिल्यापासून. लोरेली बर्फाची म्हणवते, पण तिच्या पाचांतले चार निम्मे पाण्याचे, तेव्हा सोबत वीजवाला हवाच. ईशानने याची तजवीज फार आधी करून ठेवली होती. सेलाडॉन गावात एक ईव्ही नावाचा गरीब प्राणी फुकट मिळतो, दगड द्याल तसा तो बदलतो, विजेचा दगड दिला की वीजवाला. दुकानात तिन्ही दगड शेजारी-शेजारी होते: वीज, पाणी, आग. मला आगीचा रंग बरा वाटला.

‘‘आजोबा,’’ ईशान बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘आता आपल्याकडे दोन फायर आहेत.’’

त्यानंतर मी दुकानच उचललं. सगळं दुखणं एका दमात बरं करणारी बाटली तीन हजारांची, मेलेल्याला उठवणारी गोळी दीड हजारांची. एकेका कुस्तीत गुंड्या एक फटका मारी आणि मी दोन बाटल्या पाजी. उरलेले पाच जण मार खायला पुढे जात, तेवढ्यात मी गुंड्याला गोळी देऊन उठवी. चौथा लान्स, त्याने पहिलाच पोकेमॉन बाहेर काढला तो निळा, लांब मिशांचा, चवताळलेला, छप्पन्नाव्या पातळीचा गायराडोस. मी ईशानला विचारलं, हा कुठे मिळतो? तो म्हणाला, ‘‘तो तुमचाच फिश आहे, आजोबा. विसाव्या लेव्हलला असा होतो.’’ पेटीतला मासा त्या वेळी बहुधा उडी मारत असेल.

कसाबसा लान्सही पडला. मी हिला हाक मारली, जिंकलो म्हणून. तेवढ्यात लान्स म्हणाला, थांबा, तुमच्याआधी एकजण येऊन मला हरवून गेलाय, खरा चॅम्पियन तो. त्याचं नाव निखिल.

त्या निखिलकडे त्रेसष्टाव्या पातळीचा ब्लास्टॉइज होता, पाठीवर पाण्याच्या दोन तोफा घेतलेला, आणि माझ्याकडे बाटल्या संपलेला गुंड्या. लान्सच्या खोलीत, शेवटच्या दाराच्या अलीकडे खेळ साठवलेला होता. हरलो की यंत्र बंद करून मी तिथूनच पुन्हा पुन्हा आत जाई आणि जावयाकडून धुऊन निघे. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. भरिताची वांगी आली, कळण्याचं पीठ दळून झालं, पाहुणे आले, आणि चॅम्पियन अजून निखिलच होता.

पहिल्या रात्री तीनला खोलीबाहेर उजेड दिसला. निखिलरावांना झोप लागत नव्हती. झोपाळ्यावर बसले होते, हातात यंत्र, काळ्या पट्टीची वायर भिंतीला लावलेली. मी दारातच थिजलो. त्यांनी खेळातलं ते शेवटचं दार ओलांडून आतली खोली गाठली होती आणि पडद्याकडे बघत होते.

‘‘बाबा, इथे मी चॅम्पियन आहे?’’

मी म्हटलं, ‘‘निखिलराव, तुमचा लहानपणीचा खेळ माझ्याकडून जरा...’’

‘‘माझा?’’ ते हसले. ‘‘हे आम्ही एडिसनला एका यार्ड सेलमध्ये घेतलं होतं. केविन म्हणून मुलगा होता, त्याचं. मी तर त्या पहिल्या दगडवाल्याच्या पुढे कधी गेलोच नाही.’’ मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘ईशानला मात्र मीच जिंकलो असं सांगून ठेवलंय. त्याला बोलू नका, प्लीज.’’

नातवाचं गुपित जावयापासून आणि जावयाचं नातवापासून राखायची जबाबदारी अशी पहाटे तीन वाजता माझ्यावर आली. निखिलराव झोपाळ्यावर थोडे सरकले, मला जागा केली, यंत्र माझ्यापुढे धरलं.

‘‘पण बाबा, खरं सांगा. ब्रॉकला तुम्ही कसं हरवलंत?’’

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, घसा खाकरला आणि विचारलं, ‘‘तक्ता पाठ आहे का?’’